सभापती रांग मोडत नाही

टॅमसन मिल्समध्ये माणसाचं काही लपून राहत नाही. कुणाच्या छपराला गळती लागली, कुणाचा मुलगा बोस्टनहून परत आला आणि का आला, मेपलच्या पाकात साखर कोण ढकलतं, हे सगळं शनिवारी दुपारपर्यंत कचरा डेपोवर सगळ्यांना कळलेलं असतं. राजकारणाचं तर विचारायलाही नको, ते यादीतच छापलेलं असतं. मतदार यादीत प्रत्येक नावापुढे एक अक्षर: रिपब्लिकनांचं, डेमोक्रॅटांचं किंवा अपक्षांचं. यादी गावकचेरीच्या भिंतीला टांगलेली. ज्याला हौस असेल त्याने यावं, चष्मा लावावा आणि वाचावं.

वीस वर्षांपूर्वी त्या यादीत अपक्षाचं अक्षर शोधावं लागायचं. आता अकराशे सोळा नावांत चारशे अठ्ठ्याण्णव अपक्ष होते, म्हणजे दोन्ही पक्षांपेक्षा जास्त. त्यामुळे निवडणूक आली की दोन्ही पक्षांचे लोक याच माणसांच्या दारात उभे. आणि ही माणसं अशी चिवट, की पाहुण्याला कॉफी देतील, सफरचंदाचा पाय हवा का विचारतील, पण ताकास तूर लागू देणार नाहीत.

एल्डन थर्लो हा या ताकास तूर न लागू देणाऱ्यांचा म्होरक्या. त्याला कुणी नेमलेलं नव्हतं. त्याचं गवत कापायच्या यंत्रांचं, इंजिनावर चालणाऱ्या करवतींचं आणि बर्फ ढकलायच्या यंत्रांचं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि अठरा वर्षं तो गावसभेचा सभापती होता. सभा चालवायची, भांडणं आवरायची, मतदानाच्या दिवशी पेटी उघडायची आणि बंद करायची, आणि शेवटी निकाल मोठ्याने वाचायचा, हे त्याचं काम. पगार जवळजवळ नाहीच. मान मात्र होता, आणि तो एकाच गोष्टीचा होता: एल्डन ना अध्यात ना मध्यात. सभेत कुणी आवाज चढवला की तो हातोडा आपटून म्हणायचा, "मला बाजू नाही. म्हणून मला ऐकू येतं. एकेकानं बोला." आणि लोक खरंच एकेकानं बोलायचे.

उमेदवारांनी याचा सोयीस्कर अर्थ काढला होता. एल्डनला जिंकलं की अपक्ष आलेच, असा. दर निवडणुकीला कुणी ना कुणी बिघडलेलं यंत्र घेऊन त्याच्या दुकानात गप्पा मारायला यायचं. एकाने तर सिनेटसाठी उभा असताना अशी करवत आणली, की तिच्या दांड्याला किमतीची चिठ्ठी तशीच लटकत होती. एल्डनने ती चिठ्ठी वाचली, करवत सुरू केली, बंद केली आणि म्हणाला, "हिला एकच दुखणं आहे. हिनं अजून लाकूड बघितलेलं नाही." उमेदवार हसला. मत मिळालं का नाही, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

फेब्रुवारीत मायरा फेल्डमन नावाची बातमीदार आली. तिशीची असेल. शहरातले बूट, त्यात बर्फाचं पाणी गेलेलं. वर्तमानपत्रासाठी ती अपक्ष मतदारांवर मोठा लेख लिहीत होती, आणि तीन जणांनी तिला एल्डनचं नाव सांगितलं होतं. एल्डनने तिचे बूट शेगडीजवळ ठेवले, तिला खोक्यावर बसवलं आणि आपण हातातलं काम चालू ठेवलं. बंद पडलेलं यंत्र उघडून आत काय झालंय ते बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पैसे न देणाऱ्याचं यंत्रही तो निव्वळ कुतूहलापोटी उघडायचा.

"अपक्षांना नक्की हवंय तरी काय?" मायराने विचारलं.

"तुम्हाला काय सांगितलं लोकांनी?"

"रिपब्लिकन म्हणाले कमी कर हवेत. डेमोक्रॅट म्हणाले चांगली शाळा हवी. अपक्षांना विचारलं तर एकीनं मला सफरचंदाचा पाय खायला दिला."

एल्डन हसला. "मग बरोबर घरी गेलात."

"आणि तुम्ही? तुम्ही कायमचे अपक्ष?"

"बावीस वर्षांचा होतो तेव्हापासून. एक दिवसही कुणाचा नव्हतो," एल्डन म्हणाला. हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं होतं, की म्हणताना तो पान्याकडेच बघत होता.

मायराने वही मिटली. मग तिने पिशवीतून एक कागद काढला आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "मला वाटलं माझं चुकतंय. म्हणून तुम्हालाच विचारते. ही तुमची गावची यादी. आज सकाळचीच."

एल्डनने हात चिंधीला पुसले आणि कागद उजेडात धरला. थर्लो, एल्डन जे. पुढे रिपब्लिकनांचं अक्षर. तारीख दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली.

तो आधी हसला. मग त्याने कागद उलटून मागची बाजू बघितली, जणू खरं उत्तर तिथे असेल. मग त्याचं हसणं कुठच्या कुठे गेलं.

"छपाईची चूक असेल," तो म्हणाला.

"असेल," मायरा म्हणाली. "लेख मतदानाच्या आधीच्या रविवारी येईल. शुक्रवारी मी यादी पुन्हा बघणार आहे. त्या दिवशी जे असेल ते लिहीन." तिने ओले बूट पायात चढवले. दारात ती थांबली. "मला तुमच्यावर लिहायचंच नव्हतं, मिस्टर थर्लो. खरंच."

ती गेल्यावर एल्डनने उघडलेलं यंत्र तसंच सोडलं. मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी गावची निवडणूक होती, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याविरुद्ध कुणी उभं होतं: डॉरीन पेल्की. शाळेची बस चालवणारी, त्रेचाळीस वर्षांची, खड्या आवाजाची, सगळ्या पोरांना आणि म्हणून सगळ्या घरांना ओळखणारी. डॉरीनही अपक्षच. एल्डनकडे तिच्यापेक्षा जास्त असं एकच होतं, त्याचा शब्द. आणि आता यादी म्हणत होती की तो शब्द दोन वर्षं खोटा होता. पद जाईल याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती अशी की लोकांना वाटेल, हा आपल्याला दोन वर्षं फसवत होता.

मतदानाच्या आधीच्या मंगळवारी कचेरी उघडायच्या आधीच तो पायरीवर उभा होता. यादीचं काम तिघीजणी बघायच्या. त्यातली थोरली कोरा बॅचेल्डर. ती त्याच्याच वयाची, दोघं एका वर्गात शिकलेली. तिने कुलूप काढलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता खालचा खण उघडून एक जुनी फाइल टेबलावर ठेवली.

"तुला माहीत होतं," एल्डन म्हणाला.

"बस आधी. कोट काढ."

"कोरा, तुला माहीत होतं!"

"यादी मी करते, एल्डन. मला माहीत नसेल तर कुणाला असेल? धोब्याला?" तिने फाइल उघडली. "हे बघ. त्या जानेवारीतली अध्यक्षपदाच्या उमेदवारीची प्रायमरी. तुझ्या नावापुढे खूण. तू रिपब्लिकनांची मतपत्रिका घेतलीस."

"घेतली असणार. त्या वर्षी उमेदवार ठरवायची खरी चुरस त्यांच्यातच होती. निम्म्या गावानं तीच घेतली."

"घ्यायला कुणाची ना नाही. अपक्षानं टेबलापाशी यावं, कुठली हवी ते तोंडानं सांगावं, घ्यावी, मत द्यावं. पण ज्याची मतपत्रिका घेतली त्या पक्षात तुझं नाव गेलं. आणि बाहेर पडताना दारातल्या टेबलावर कार्डावर सही केलीस, की पुन्हा अपक्ष. तुला काय सांगायचं हे? तूच तर दर अर्ध्या तासानं ओरडत होतास."

एल्डन ओरडत होता खरा. 'अपक्षांनो, सही केल्याशिवाय जाऊ नका! कार्ड दारापाशी आहे!' शाळेच्या व्यायामशाळेत त्याचा आवाज घुमायचा. सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत त्याने सगळ्या गावाला आठवण करून दिली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते काय उगीच म्हणतात?

"मी विसरलो," तो म्हणाला. त्याला स्वतःच्या आवाजाचं नवल वाटलं. "मी? मी कसा विसरेन?"

"तू विसरला नाहीस," कोरा म्हणाली.

एल्डनने मान वर केली. यंत्र उघडताना व्हायचं तसं काहीतरी त्याच्या डोळ्यांत झालं. भीती होती तिथेच होती, पण तिच्या शेजारी कुतूहल येऊन बसलं. "म्हणजे?"

"आठव. त्या दिवशी कार्डाची रांग कुठवर गेली होती?"

एल्डनने डोळे मिटले. दारातलं टेबल, त्यावर दोरीला बांधलेली पेनं, आणि तिथून निघालेली रांग. भिंतीच्या कडेकडेने, बाकांच्या पुढून, थेट पलीकडच्या बास्केटबॉलच्या जाळीखाली. "जाळीपर्यंत," तो म्हणाला.

"जाळीच्याही पुढे. त्याआधी कधी दहा माणसांची रांग बघितली नव्हती मी. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, अपक्ष किती वाढलेत ते. तू दुपारी मत दिलंस. मग माझ्या टेबलापाशी आलास. मी म्हटलं, ये, कर सही, अर्ध्या मिनिटाचं काम. तू रांगेकडे बघितलंस आणि म्हणालास, 'सभापती रांग मोडत नाही. ओसरली की येतो.'"

"आणि ती ओसरली नाही."

"तू तीनदा आलास. तीनदा बघून गेलास. मग सात वाजले, तुला पेटीला कुलूप लावायचं होतं. मग मोजणी. आणि आम्ही टेबल आवरून टाकलं."

एल्डन खुर्चीत मागे टेकला. त्याला हसायला येत होतं आणि रागही येत होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं. कुणाची बाजू घेतली असं होऊ नये म्हणून त्याने रांग मोडली नाही, आणि रांग मोडली नाही म्हणूनच तो एका बाजूला जाऊन बसला होता. मोठ्या निवडणुकीत सगळ्यांना एकच मतपत्रिका, तिथे अक्षर कुणी बघत नाही. पुढची प्रायमरी सप्टेंबरात होती, पण तेव्हा तो गुडघा बदलून हॉस्पिटलात पडला होता. नाहीतर तेव्हाच कळलं असतं.

"तू मला सांगायचं होतंस, कोरा."

"कुणी कुठल्या पक्षात असावं, यात मी तोंड घालायचं नाही. हा माझा नियम. तुझे नियम असतात, तसे मलाही आहेत." तिने फाइल बंद केली. मग खाली बघत ती म्हणाली, "आणि खरं सांगू? मला बघायचं होतं. माणसाच्या नावापुढचं अक्षर बदललं, आणि त्याला ते ठाऊकच नसलं, तर काय बदलतं? त्याच वर्षी नोव्हेंबरात ती मतपत्रिका आली. आठवते?"

ती न आठवायला काय झालं! राज्याच्या सभागृहाच्या जागेसाठी मोजणी चालली होती. दोन्ही उमेदवार बरोबरीत, आणि शेवटी एक मतपत्रिका अशी, की मतदाराने दोन्ही नावांपुढचे गोल रंगवलेले. मग रिपब्लिकनाच्या गोलावर फुली मारून शेजारी लिहिलेलं, 'हा नव्हे, अरे देवा.' मतदाराच्या मनात काय होतं ते सभापतीने ठरवायचं. एल्डनने मतपत्रिका दोनदा वाचली आणि मत डेमोक्रॅटाला दिलं. रिपब्लिकन एका मताने पडला.

"तुझ्याच पक्षाचा माणूस तू पाडलास," कोरा म्हणाली. "त्या दिवशी मी म्हटलं, राहू दे. याला अक्षराची गरज नाही."

तिने एक कोरं कार्ड त्याच्यापुढे सरकवलं, वर पेन ठेवलं. "आता सही कर. आज केलीस तर शुक्रवारी त्या मुलीला यादीत तू अपक्षच दिसशील. गावात कुणाला कळणारही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

एल्डनने पेन उचललं. सही करावी असं त्याला मनापासून वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. त्याने 'ए' काढायला टोक टेकवलंसुद्धा. आणि मग त्याच्या डोळ्यांपुढे मार्चची सभा आली. आपण हातोडा आपटतोय, आपण म्हणतोय 'मला बाजू नाही', आणि समोर पहिल्या रांगेत कोरा बसलीय, जिला माहीत आहे.

"लोकांनी अठरा वर्षं यादी न बघता माझं ऐकलं," तो म्हणाला. "आता मी आधी यादी बदलू आणि मग बोलू?" त्याने पेन खाली ठेवलं. "मतदान होऊ दे. मग करीन."

"एल्डन, तू गाढव आहेस."

"असेन. पण रांगेतला."

शनिवारी तो सकाळी आठलाच कचरा डेपोवर गेला. गावाला काही सांगायचं असेल तर डेपोसारखी जागा नाही. घरोघरचा कचरा तिथेच येतो आणि बातम्याही. पक्षांचे लोकही निवडणुकीत इथेच हात मिळवायला उभे राहतात. एल्डनने आपली गाडी काचेच्या बाटल्यांच्या पिंपापाशी लावली, मागची फळी उघडून तिच्यावर बसला आणि येईल त्याला तेच सांगू लागला: दोन वर्षं झाली, मी रिपब्लिकन आहे, मला माहीत नव्हतं, असं असं झालं.

रिपब्लिकनांचा म्होरक्या गॉर्डन हिल्यर्ड जुन्या गाद्या टाकायला आला होता. त्याने गाडीला टेकून सगळं ऐकलं. "म्हणजे आमच्याच माणसानं आमचा उमेदवार पाडला?"

"एका मतानं."

"तरी मी म्हणत होतो, घरचा भेदी कोण ते!" गॉर्डन इतका हसला, की त्याला खोकला आला. "आमच्या पक्षाच्या पॅनकेकच्या दोन न्याहाऱ्या बुडवल्यास तू. भांडी घासायला तरी यायचं होतंस. जा रे, मी तुलाच मत देणार. आमचा आहेस ना आता!"

"म्हणूनच देऊ नकोस," एल्डन कळवळून म्हणाला.

मागून डेमोक्रॅटांची रूथॅन कॉफिन आली. तिने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आणि आम्ही दोन वर्षं म्हणतोय, एल्डन आतून आपलाच आहे! त्या मतपत्रिकेमुळे."

"मी कुणाचाच नव्हतो, रूथॅन."

"आता कळतंय. पण तू रिपब्लिकन असून आम्हाला न्याय दिलास. मी तुलाच मत देणार."

एल्डनला जरा धीर आला. ज्यांना राग यावा, ते दोघेही हसत गेले होते. मग डॉरीन पेल्की आली. चपट्या केलेल्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा तिच्या काखेत होता. तिला बातमी फाटकापाशीच कळली होती.

"मी याचं भांडवल करणार नाही हं, मिस्टर थर्लो," ती म्हणाली. "मला असं जिंकायचं नाही."

"कर की. खरंच आहे ते."

"खरं आहे म्हणूनच नको. मी उभी आहे ते माझा आवाज मोठा आहे म्हणून. मागच्या बाकांवर तुमचं बोलणं हल्ली ऐकू येत नाही." ती एकदम लाल झाली. "माफ करा. पण कुणीतरी सांगायला हवं होतं."

एल्डनला ते लागलं. पण त्याने मान डोलावली, कारण तेही खरंच होतं.

दोन्ही पक्षांचे लोक येऊन बोलून गेले. जे बोलत नव्हते ते अपक्ष. ते यायचे, ऐकायचे, 'हं' म्हणायचे, बाटल्या पिंपात टाकायचे आणि निघून जायचे. एल्डन त्यांच्या पाठमोऱ्या गाड्यांकडे बघत राहिला. चाळीस वर्षं तो त्यांच्यातलाच एक होता. त्यांच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळतं, असं त्याने गृहीतच धरलं होतं. आणि आज, त्या पिंपापाशी बसून, त्याला काही म्हणजे काहीच कळत नव्हतं. आत काय आहे ते बघायला ही माणसं उघडताही येत नव्हती.

शेवटी त्याने डेपोचा रखवालदार लायल याला विचारलं. लायल जन्माचा अपक्ष, आणि बोलण्याच्या बाबतीत पिंपाचा भाऊ. "तुला काय वाटतं रे?"

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल. मी दोन वर्षं एका पक्षाचा होतो, याबद्दल."

लायलने बराच विचार केला. "पक्षाचं मला काही नाही. कुठल्या का असेनास. माझं म्हणणं दुसरंच आहे." त्याने पिंपावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर त्यानेच रंगाने लिहिलं होतं: झाकण काढून बाटली टाका. "ही पाटी माझी. रोज शंभर जणांना मी ओरडतो, झाकण काढा. आता मीच झाकणासकट बाटली टाकली, तर?"

"पण लायल, रांग होती. मी मोडली नाही."

"मग रांगेत उभं राहायचं," लायल म्हणाला. "आम्ही सगळे राहिलो होतो की. तू तीनदा आलास आणि बघून गेलास. तुला वाटलं, रांग तुझ्यासाठी ओसरेल."

एवढं बोलून तो गाद्यांकडे गेला. एल्डन फळीवर बसून राहिला. सभापती रांग मोडत नाही, हे त्याने आपल्या थोरपणात जमा केलं होतं. सभापती रांगेत उभाही राहत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

रविवारी लेख आला. एल्डनवर त्यात फक्त चार ओळी होत्या, आणि त्यात वावगं काही नव्हतं. छापायच्या आधी मायराने फोन करून पुन्हा विचारलं होतं, अपक्षांना काय हवं असतं. "मला वाटायचं, मला माहीत आहे," एल्डन म्हणाला होता. तिने तेच छापलं.

मंगळवारी मतदान झालं. बाहेर चिखल, आत शाळकरी मुलांच्या आयांनी मांडलेले केक आणि शिजवलेल्या बीनचा मोठा टोप. एल्डनचं नाव मतपत्रिकेवर होतं, म्हणून सभापतिपदाची मतं त्याने मोजायची नव्हती. दुसऱ्यांनी ती पलीकडच्या टेबलावर मोजली. पण निकाल वाचायचा तो सभापतीनेच. बीनचा टोप रिकामा झाला तेव्हा कोराने त्याच्या हातात कागद दिला. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. वीस वर्षं यादी सांभाळणाऱ्या बाईचा चेहरा तो.

एल्डनने आधी रस्त्यांच्या समितीचा निकाल वाचला, मग ग्रंथालयाचा, मग स्मशानभूमीचा. मग त्याची नजर खालच्या ओळीवर गेली, आणि ती त्याने पुटपुटल्यासारखी वाचली.

"मागे ऐकू येत नाही!" कुणीतरी ओरडलं.

एल्डनने मान वर केली आणि अठरा वर्षांत काढला नसेल एवढा मोठा आवाज काढला. "सभापती. डॉरीन पेल्की, दोनशे चौदा. एल्डन थर्लो, दोनशे तीन. डॉरीन पेल्की निवडून आल्या आहेत."

टाळ्या वाजल्या. त्याच्यासाठीही वाजल्या, आणि डॉरीनपेक्षा थोड्या जास्तच वाजल्या, पण टाळ्या पेटीत टाकता येत नाहीत. त्याला फार वाईट वाटलं. सगळं नीट समजूनही वाईट वाटलं. त्याने हातोडा डॉरीनच्या हातात दिला. त्याच्या मुठीने दांड्यावर खोलगट जागा पडली होती, आणि तिचा हात तिथे बसेना.

लोक पांगल्यावर कोरा आली आणि तिने ते कार्ड टेबलावर ठेवलं. तेच कार्ड होतं, कोपऱ्यात पेनाचा एक ठिपका असलेलं.

"रांग आहे का?" एल्डनने विचारलं.

"नाही."

त्याने सही केली.

सप्टेंबरात राज्याची प्रायमरी आली. डॉरीनची ही पहिलीच मोठी निवडणूक. तिचा आवाज व्यायामशाळेच्या शेवटच्या बाकापर्यंत जात होता. "अपक्षांनो, सही केल्याशिवाय जाऊ नका! कार्ड दारापाशी आहे!" अपक्ष आता पाचशेच्या वर गेले होते. कार्डाची रांग जाळीच्या खालून वळून परत निम्म्यावर आली होती.

एल्डन दुपारी आला. मतपत्रिका देणाऱ्या टेबलापाशी त्याने एका पक्षाचं नाव मोठ्याने घेतलं. कुठल्या, त्याची खूण त्या दिवशीच्या यादीत आहे. ज्याला उत्सुकता असेल त्याने कचेरीत जाऊन वाचावं. मत देऊन तो जाळीखाली गेला आणि रांगेच्या टोकाला उभा राहिला. पुढच्याशी बोलला, मागच्याशी बोलला. एका बाईने आपली करवत सुरूच होत नाही म्हणून गाऱ्हाणं केलं, तिला त्याने स्पार्क प्लग कसा पुसायचा ते सांगितलं. रांगेत इतक्या गप्पा चालतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मधूनच डॉरीन घाईघाईने दारापाशी यायची, रांगेकडे बघायची आणि कुणीतरी हाक मारली की परत जायची. असं तिने दोनदा केलं. एल्डनने ते मोजलं.

पाऊण तासाने त्याचा नंबर आला. कोराने कार्ड पुढे केलं. एल्डनने ते घेतलं नाही. तो वळला आणि ओरडला, "सभापती!"

डॉरीन धावत आली. तिला वाटलं भांडण झालं. "काय झालं?"

"सकाळी मत दिलंस ना? सही केलीस?"

ती थबकली. तिने त्या लांबलचक रांगेकडे बघितलं, आणि तिचे कान लाल झाले. "ओसरली की करणार होते. मी रांग नाही मोडणार, मिस्टर थर्लो."

"मोडू नकोस. ही तुझीच जागा आहे. पाऊण तास मी ती धरून उभा आहे." तो बाजूला झाला. "ये. पेन दोरीला आहे."

डॉरीनने त्याच्याकडे बघितलं, कोराकडे बघितलं, आणि वाकून सही केली. कोराने त्या कार्डावर शिक्का जरा जास्तच जोरात मारला.

एल्डन भिंतीच्या कडेकडेने, बाकांच्या पुढून, जाळीच्या खालून चालत गेला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. त्याच्यापुढे लायल होता. लायलने मागे वळून त्याच्याकडे आणि मग दूरच्या टेबलाकडे पाहिलं.

"झाकण काढणार ना आज?" त्याने विचारलं.

"काढतो," एल्डन म्हणाला. "नंबर येऊ दे."